चौदाच्या डोक्यावरचा दोन

लग्न सव्वाअकराला होतं आणि नवरी साडेदहालाच विवाह नोंदणी कचेरीत येऊन बसली होती. बसली म्हणणंही खरं नाही. ती खिडकीशी जात होती, दाराशी जात होती, भिंतीवरचं घड्याळ चालू आहे ना ते खाली उभी राहून बघत होती, आणि मधूनच एकटीच हसत होती. नवे बूट चावत होते, त्याचंही तिला हसू येत होतं.

"अगं, टेक जरा," आत्या म्हणाली. नवरीला लहानाची मोठी केली ती या आत्यानेच. "तुझ्याकडे बघून मला धाप लागली."

"बसले तर कपडे चुरगळतील."

"आणि फिरून फिरून घामेजतील ते?"

नवरी बसली, आणि लगेच उठली.

नगरपालिकेच्या याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, संगणक विभागात ती प्रोग्राम लिहायची नोकरी करत होती. सगळा विभाग तिला घाईबाई म्हणायचा. मागे नाही, तोंडावर म्हणायचा. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट थोडा तोराच होता. दुसऱ्याला ज्या कामाला आठवडा लागायचा ते ती दोन दिवसांत हातावेगळं करायची आणि उरलेले दिवस इतरांच्या खुर्चीमागे उभी राहून "झालं का?" विचारत काढायची. तळमजल्यावरच्या या कचेरीत चालणारा प्रोग्रामही तिचाच. जोडप्याने फोनवरून अर्ज भरायचा, नव्वद दिवस नोटीस लागायची, मग ठरल्या दिवशी दाखला छापून हातात यायचा, तो दोघांनी वाचायचा, 'हो' म्हणायचं, आणि त्यावरच सह्या करायच्या. दोन वर्षांत शेकडो लग्नं तिच्या प्रोग्रामने लावली होती. आज त्याने तिचं लावायचं होतं, आणि घरच्याच माणसाकडून काम करून घ्यायचं म्हणताना माणूस जसा निर्धास्त असतो, तशी ती निर्धास्त होती.

तिचा नवरा व्हायचा होता तो मालवाहू जहाजावर आचारी होता. बावीस खलाशांना दिवसातून तीनदा जेवू घालायचा. जहाज आज संध्याकाळी पाचला सुटणार आणि सात महिन्यांनी परतणार. कचेरी शनिवारची एक वाजता बंद होणार. म्हणजे एकच्या आत लग्न लागलं तर लागलं. नाही तर सात महिने थांबा, तोवर नोटिशीची मुदत संपलेली, म्हणजे नवा अर्ज, पुन्हा नव्वद दिवस, आणि त्या नव्वद दिवसांच्या आत जहाज पुन्हा निघालेलं. हे गणित तिने इतक्यांदा घोकलं होतं की आत्या आता ते ऐकलं की कानावर हात ठेवायची.

अकराला आचारी आला. रात्री तिने इस्त्री करून पाठवलेला शर्ट त्याने घातला होता, पण एक बटण चुकवून. तिने ते दारातच नीट लावून दिलं आणि दोघं उगाचच इतकी हसली की दारावरचा शिपाईही हसायला लागला. त्याच्यामागून त्याची आई आली. ती पाट्या रंगवायची. शहरातल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं तिच्या हातची. आज चांगले कपडे घालून, केस बांधून आली होती, पण नखांच्या कडेला हिरवा रंग होताच.

"घासून घासून बोटं सोलली, तरी जाईना," ती नवरीला हात दाखवत म्हणाली.

"राहू दे हो आई. छान दिसतोय."

शेवटी आला तो आत्याबरोबरचा दुसरा साक्षीदार, शंकासुर. हेही विभागानेच ठेवलेलं नाव. घाईबाईने लिहायचं आणि शंकासुराने तपासायचं, अशी कामाची वाटणी होती. पन्नाशीचा, सडपातळ, दोन चष्मे जवळ बाळगणारा गृहस्थ. एक जवळचं बघायचा आणि दुसरा पहिला हरवला तर. तो ज्या रकान्यात वय लिहायचं तिथे उणे तीन लिहून बघायचा, नावाच्या जागी चारशे अक्षरं टाकायचा, आणि सापडलेली प्रत्येक चूक 'हरकत' म्हणून नोंदवून तिच्याकडे पाठवायचा. दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजायचं. तरी साक्षीदार कोण हे ठरवताना तिला पहिलं नाव त्याचंच सुचलं, आणि विचारल्यावर तो भलताच गहिवरला होता. "तुमची खात्री आहे ना?" असं मात्र त्याने तीनदा विचारलं होतं.

सव्वाअकराला निबंधकबाईंनी त्यांना आत बोलावलं. बाई रुंद बांध्याच्या, आवाज खणखणीत, आणि साधं "बसा" म्हटलं तरी ते कलम वाचून दाखवल्यासारखं वाटायचं. त्यांनी पडद्यावर दोघांची नावं शोधली, छापायचं बटण दाबलं आणि हात बांधून प्रिंटरकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

प्रिंटर गप्प.

पडद्यावर मात्र लाल अक्षरांच्या पाच ओळी उमटल्या. बाईंनी त्यातली शेवटची मोठ्याने वाचली. "'चौदा आणि वर बारीक दोन' या मजकुराची संख्या होऊ शकत नाही."

ती ओळ नवरीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने मान वळवून शंकासुराकडे पाहिलं. शंकासुर छताकडे बघत होता.

गोष्ट अशी होती. दोन वर्षांपूर्वी, अर्जात घराच्या नंबराचा रकाना करताना, लोक तिथे काय वाटेल ते लिहितील म्हणून तिने एक तपासणी घातली होती: रकान्यात फक्त अंक आहेत का? ती ज्या भाषेत लिहायची त्या पायथनमध्ये यासाठी 'इजडिजिट' नावाची सोय तयारच असते. मजकूर द्या, सगळे अंक असतील तर ती हो म्हणते. एक शब्द लिहिला, काम झालं, घाईबाई पुढच्या कामाला लागल्या. आठवड्याने शंकासुराची हरकत आली. "ही सोय वर काढलेल्या बारीक दोनलाही अंक मानते. म्हणजे अर्ज पास होईल. पण पुढे त्या मजकुराची संख्या करायला गेलात तर ती होत नाही, प्रोग्राम आडवा होईल." तिने ते वाचलं, खुर्ची फिरवून सगळ्या विभागाला वाचून दाखवलं, सगळे खो खो हसले, आणि तिने उत्तर लिहिलं: "घराचा नंबर असा कोणीही लिहीत नाही. हरकत बंद."

"असा नंबर कोणी लिहिला?" निबंधकबाईंनी विचारलं.

"मी," आचारी म्हणाला. "फोनवर दोनाचं बटण दाबून धरलं की बारीक दोन येतो. आमच्या घराचा नंबरच तसा आहे."

"तसा म्हणजे?"

"पाटी मी रंगवली," त्याची आई पुढे झाली. "चौदा नंबरच्या मागच्या अंगणात कोळशाची वखार होती, पडकी. ती आम्ही मायलेकांनी दोन वर्षं खपून राहण्याजोगी केली. मग तुमच्याच नगरपालिकेने नंबर दिला, चौदा, पोटक्रमांक दोन. आता पाटीला जागा केवढी, तर एवढी." तिने हाताचा पंजा दाखवला. "एवढं सगळं लिहिलं असतं तर मुंग्यांसारखं दिसलं असतं. म्हणून चौदा ठसठशीत काढला आणि त्याच्या डोक्यावर बारीक दोन बसवला. पोस्टमन आधी हसला, मग सवयीचा झाला. नंतर तुमचा माणूस आला तो पाटी बघून तसंच वहीत उतरवून घेऊन गेला. अठरा वर्षं झाली त्याला."

"बाई, तिथे नुसतं चौदा लिहून टाका ना," आत्या म्हणाली.

"पत्ता बदलला की नवी नोटीस," निबंधकबाई म्हणाल्या. "नव्वद दिवस."

"आणि चौदामध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक आजोबा राहतात," आचारी म्हणाला. "कागदोपत्री हिचं लग्न त्यांच्या घरी लागेल."

"मग हाताने लिहून द्या दाखला!"

"हाताने लिहिलेला दाखला दोन वर्षांपासून ग्राह्य नाही." बाईंनी चष्म्यावरून नवरीकडे पाहिलं. "हे कोणाच्या आग्रहावरून ठरलं, ते या खोलीत एकीला तरी माहीत आहे."

नवरीने मान खाली घातली. बाई पुढे म्हणाल्या की छपाईची रांग एकच असते, पहिला दाखला अडला की मागचे सगळे अडतात, आणि बाहेर अजून चार जोडपी बसली आहेत. हीही तिचीच रचना. किती सुटसुटीत आहे म्हणून तिने तेव्हा स्वतःचीच पाठ थोपटली होती.

तेवढ्यात आचाऱ्याची आई, कोणाला उद्देशून नाही, नुसतीच हळूच म्हणाली, "म्हणजे आमचं घर यांच्या मशीनला घर वाटत नाही म्हणायचं."

रागाने म्हणाली असती तर परवडलं असतं. ती आपली हिरवी नखं ओढणीखाली लपवत होती, आणि ते बघून नवरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न अडलं ते अडलंच, पण ज्या घरात ती सून म्हणून जायची, त्याला तिनेच, स्वतःच्या हाताने, दोन वर्षांपूर्वीच दार लावून ठेवलं होतं.

"दोन मिनिटं," ती म्हणाली. बूट काढून तिने आत्याच्या हातात दिले. "दोन मिनिटांत दुरुस्त करून येते."

"दोन मिनिटांत काहीही होत नसतं," शंकासुर पहिल्यांदाच बोलला. "आणि माझ्या मंजुरीशिवाय तर नाहीच."

हे मात्र खरं होतं. प्रोग्राममधला एक स्वल्पविराम बदलायचा तरी लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, असा विभागाचा नियम होता. नवरी अनवाणी जिन्याकडे धावली. मागून शंकासुर, एकेक पायरी बघून टाकत, "सावकाश! फरशी पुसलेली आहे!" असं ओरडत निघाला. आचारी खालीच थांबला. तो बाहेरच्या चार जोडप्यांपाशी गेला, म्हणाला, "जरा उशीर होतोय, चूक आमच्याकडची आहे," आणि बिस्किटं कुठे मिळतील याची शिपायाकडे चौकशी करू लागला.

वर शनिवारचा शुकशुकाट. तिने कंप्युटर सुरू केला, ती ओळ शोधली, 'इजडिजिट' खोडून तिथे 'इजडेसिमल' लिहिलं. "ही सोय कडक आहे. बारीक दोन वगैरे लाड नाहीत. नऊ सेकंद लागली. द्या मंजुरी."

शंकासुराने खुर्ची ओढली, चष्मा लावला. "म्हणजे आता बारीक दोन चालणार नाही."

"नाही."

"आणि तुमचा प्रोग्राम छापायच्या आधी अर्ज पुन्हा एकदा तपासतो."

"तपासतो ना. मीच तर..." ती थांबली.

"म्हणजे तो तुमचा अर्ज आता सरळ फेटाळेल. नोटिशीसकट."

तिने कपाळाला हात लावला. ती ओळ पुसली. मग तिच्या डोक्यात दुसरी युक्ती आली. असल्या नखरेल चिन्हांना साधं रूप देणारी एक सोय असते. ती लावली. मजकुरातला बारीक दोन मुकाट्याने खाली उतरला आणि चौदाच्या शेजारी जाऊन बसला.

"एकशे बेचाळीस," शंकासुराने वाचलं. "त्या रस्त्याला एकशे बेचाळीसला अग्निशामक दलाचं ठाणं आहे. नवरदेव तिथे राहतात?"

तिला हसू फुटलं. खरं तर रडू यायला हवं होतं, बारा वाजायला आठ मिनिटं होती, पण बंबाच्या शेजारी संसार मांडलेला तिला डोळ्यांपुढे दिसला आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. शंकासुर आधी गंभीर राहिला, मग त्याच्याही नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला, आणि दोघं डोळे पुसत पुसत हसली. खालून कसला तरी बाजाचा सूर ऐकू येऊ लागला होता.

"एक विचारू?" हसू ओसरल्यावर तो म्हणाला. "घराच्या नंबरात एक मिळवला तर काय येतं?"

"शेजारचं घर."

"नाही. शेजारचं घर सोळा. पंधरा रस्त्यापलीकडे."

तिने डोळे पुसायचे थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"त्याची कुठे बेरीज करता? गुणाकार? सरासरी काढता?"

"नाही."

"मग त्याची संख्या करायचीच कशाला?"

तिने ती ओळ उघडली. संख्या केलेली होती ती एकाच कामासाठी: नंबराच्या पुढे शून्यं लावून तो चार अंकी करायचा, म्हणजे दाखल्यावर सगळे नंबर एका मापाचे, सरळ रांगेत दिसतील. शून्य शून्य एक चार. बस्स. बाकी काही नाही. नीटनेटकं दिसावं म्हणून.

"दिसायला छान होतं," ती पुटपुटली.

"होतं," शंकासुर म्हणाला. "पण घराचा नंबर म्हणजे संख्या नव्हे. घराचं नाव असतं ते. काही नावं आकड्यांत असतात, एवढंच."

तिने तपासणीची ओळ काढून टाकली. संख्या करायची ओळ काढून टाकली. शून्यांची ओळ काढताना तिचा हात क्षणभर अडखळला, कारण तिला ती ओळ फार आवडायची, पण तीही गेली. रकान्यात जे लिहिलं असेल ते जसंच्या तसं छापायचं. "घ्या. आता द्या मंजुरी. बारा वाजले."

"तपासतो आणि देतो."

"अहो, तपासता काय! माझं लग्न आहे!"

"म्हणूनच तपासतो." त्याने आपली यादी उघडली. एकतीस गोष्टी होत्या. तो एकेक लिहून पाहू लागला: नुसती अक्षरं, आकडे आणि अक्षरं, मध्ये मोकळी जागा, दोन ओळींत पत्ता. ती खुर्चीमागे उभी राहून पाय बदलत होती. "झालं का?" "नाही." "झालं का?" "अकरावी." शेवटी ती म्हणाली, "तुम्ही ना, माणसाचा जीव घ्याल एक दिवस," आणि त्याचे हात थांबले.

"मी ती हरकत पुन्हा उघडायला हवी होती," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "मला माहीत होतं मी बरोबर आहे. पण तुम्ही सगळे हसलात, आणि मला लाज वाटली. म्हणून गप्प बसलो. ती माझी चूक. आज नाही करणार."

हे तिने दोन वर्षांत कधी मनातही आणलं नव्हतं. शंकासुराला कोणाच्या हसण्याने काही होत असेल, ही शंका त्या घाईत तिला शिवलीच नव्हती. "चुकले मी," ती म्हणाली. "खरंच चुकले. तुमच्यावर हसायला नको होतं. तुम्ही तपासा. सगळं तपासा."

आणि ती खुर्ची घेऊन त्याच्याशेजारी बसली. नुसती बसली. शंकासुराने दचकून तिच्याकडे पाहिलं आणि कामाला लागला.

एकोणतिसाव्या तपासणीला तो "अहा" म्हणाला. रकाना कोरा सोडला तरी अर्ज आता पास होत होता. जुनी सोय कोऱ्या मजकुराला नाही म्हणायची, त्यामुळे हे आजवर आपोआप झाकलं गेलं होतं. तिने एक ओळ घातली: कोरा नको. त्याने ती तपासली, उरलेल्या दोन तपासल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मंजूर केलं. बारा वाजून बेचाळीस मिनिटं.

ती जिन्यापाशी पोचली, पायऱ्यांकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, आणि कठड्यावर बसून सुर्रकन खाली निघाली.

"हे तपासलेलं नाही!" वरून शंकासुर ओरडला.

खाली वेगळंच जग झालं होतं. तिसऱ्या जोडप्याच्या मामांनी सोबत अकॉर्डियन आणलं होतं आणि उशिराला कंटाळून त्यांनी ते सुरू केलं होतं. नोटिशींच्या फळ्यासमोर दोन नवऱ्या नाचत होत्या. आत्या, एका हातात नवरीचे बूट धरून, कुणाच्या तरी आजोबांना गिरक्या घ्यायला लावत होती. आचारी मधोमध उभा राहून बिस्किटं वाटत होता, सगळ्यांना समान, जहाजावरच्या शिस्तीत. त्याची आई तेवढी बाकावर एका कडेला बसली होती. नवरी कठड्यावरून तिच्या पुढ्यातच उतरली.

"झालं, आई. तुमचं घर तसंच छापणार, तुम्ही रंगवलंय तसं."

"बारीक दोन वरच ना?"

"वरच."

निबंधकबाईंनी पुन्हा बटण दाबलं. प्रिंटर खाकरला, थरथरला, आणि पहिला दाखला बाहेर आला. मग थांबायचं नावच घेईना: दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक कागदाला कचेरीत आरोळी उठत होती. आचाऱ्याच्या आईने पहिला दाखला हातात घेतला, लांब धरून धंद्याच्या नजरेने पाहिला. "अक्षर जरा किडमिडं आहे," ती म्हणाली, आणि तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

बाईंनी घड्याळ पाहिलं. बारा सत्तेचाळीस. पाच लग्नं, तेरा मिनिटं. "कायद्यात," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एका वेळी एकच जोडपं, असं कुठेही लिहिलेलं नाही. सगळे आत या. एका ओळीत उभे रहा. नवऱ्या डावीकडे. अकॉर्डियन बंद."

पाच जोडपी एका ओळीत उभी राहिली. खोली एवढीशी, त्यात साक्षीदार, मामा, आजोबा; खांद्याला खांदा लागत होता. बाईंनी प्रश्न एकदाच वाचला आणि दहा जणांनी एकदम "हो" म्हटलं, इतक्या जोरात की खिडकीची काच वाजली. चौथा नवरा उत्साहाच्या भरात दोनदा म्हणाला. मग बाईंनी विचारलं, "या विवाहांबद्दल उपस्थितांपैकी कोणाची काही हरकत?"

नवरी, आत्या आणि आचारी, तिघांचेही डोळे आपसूक शंकासुराकडे वळले. शंकासुराने दाखला वरपासून खालपर्यंत वाचला. मग मागची कोरी बाजू पाहिली.

"नाही," तो म्हणाला, आणि रुमाल शोधू लागला.

सह्या झाल्या. शेवटची सही झाली तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. नवरीने आचाऱ्याचा हात धरून त्याला बाहेर ओढलं, इमारतीच्या पायऱ्यांवर, उन्हात. तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि ती ओरडलीही. समोरून सायकलवर जाणाऱ्या माणसाने घंटी वाजवून दाद दिली.

"झालं की नाही! म्हटलं नव्हतं? आता तू निवांत बंदरावर जा. बॅग पोचली ना जहाजावर?"

"नाही. घरी आहे. रिकामी."

"रिकामी? पाचला जहाज आहे आणि..."

"काल कप्तानाला सांगून आलो," आचारी म्हणाला. "एकपर्यंत माझा फोन आला तर मी येतोय. नाही आला तर दुसरा आचारी घ्या. लग्न न करता मी निघणार नव्हतो."

तीन महिने ती नव्वद दिवस आणि सात महिने घोकत होती, आणि हा माणूस नोकरी पणाला लावून बिस्किटं वाटत होता. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नोकरी सोडायची नाही. मग भांडण झालं असतं. मला भांडण नको होतं, लग्न हवं होतं."

तिने त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मग त्याच्याच खिशातून फोन काढून, कप्तानाचा नंबर लावून, त्याच्या कानाला लावला. एकला एक मिनिट होतं. "हो, येतोय," तो पलीकडच्याला म्हणाला. "झालं. पाच जोडप्यांचं झालं. सांगतो आल्यावर."

त्याने फोन ठेवला, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. इतके दिवस लग्न लागेल की नाही या धास्तीत तिने एक गोष्ट मनावर घेतलीच नव्हती: लग्न वेळेवर लागलं की तो जाणार होता. आजच. सात महिने. आणि त्याला पाठवायची तजवीज तिने आत्ता स्वतःच्या बोटांनी केली होती. ती अनवाणी तशीच पायरीवर बसली. कपडे चुरगळायचे ते चुरगळले. तोही तिच्या शेजारी बसला आणि त्याने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"अरे, फोटो काढायचाय!" आतून आत्या ओरडली. "कुठे गेलात दोघं?"

"येतो!" आचारी म्हणाला.

कोणीच उठलं नाही.